आडवा धूर

अंजनेरीच्या पायथ्याशी, सकाळी साडेसातला,
ओझरची परवानगी घडी घालून खिशात,
फुगा सोडला आम्ही.
तिसऱ्या वर्षाची सहा पोरं, मी,
आणि थर्माकोलचा डबा,
डब्यावर हर्षालीचं टपोरं अक्षर:
घाबरू नका, यात फक्त हवामान आहे.

बारा किलोमीटरवर पश्चिमेच्या वाऱ्यानं त्याला बखोटीला धरलं
आणि नाशिकवरून ओढत नेलं.
गंगापूरचं धरण, कॅमेऱ्यात, सांडलेला चहा.
पारा उतरत होता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे,
किलोमीटरला सहा-साडेसहा अंश,
साडेसोळावर उणे एकोणऐंशी.
तिथं थबकला.
मग, कुणी न सांगता, चढू लागला.

तिथून वर स्थितांबर.
ढग नाही. वळीव नाही. वीज खाली राहिली.
दहा लाख रेणूंत पाण्याचे चार, फार तर पाच,
कुंभमेळ्यात ओळखीची माणसं भेटावीत तसे.
भर सकाळी आकाश दौतीतल्या शाईचं.
खाली गार, वर ऊबदार, म्हणून
वरचं खाली येत नाही, खालचं वर जात नाही.
ज्वालामुखीची बारीक धूळ चुकून पोचलीच
तर वर्ष-दोन वर्षं बसून राहते,
धुवायला पाऊसच नसतो.

आमच्या घरात एक वाक्य आहे तसं.
नऊ वर्षांपूर्वीचं. माझंच.

तीस किलोमीटरवर फुगा खोलीएवढा झाला
आणि फुटला.
दुपारी फोन, निफाडहून, पोपट बोरस्ते:
'ताई, तुमचा डबा माझ्या थॉमसनवर पडलाय.
दोन घड मोडले. भरपाई नको,
पण आत काय आहे ते सांगा.'
सगळा जिल्हा सोडून
भाऊंच्या घरापासून दीड मैलावर.

भाऊंनी छत्तीस वर्षं किमान तापमान वाचलं.
पहाटे मफलर, दातांत टॉर्च,
नळीतल्या त्या बारीक दांडीसमोर श्वास धरून,
कारण श्वासानंही पाव अंश वाढतो.
आकडा पेपरात यायचा. नाव नाही.

रात्री आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.
बोट ओळीओळीनं खाली आलं, थांबलं.
'यंत्र बिघडलंय.
वर जाताना वाढत नसतं.'
मी सांगितलं, ओझोन असतो वर,
ऊन पितो, तापतो.
वर्गात सांगते तसंच सांगितलं, जरा जास्तच.
त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला.
जेवताना भाकरी, ठेचा, मीठ
एवढेच शब्द.

पहाटे त्यांनी दार वाजवलं. 'शाल घे.'
ओट्यावर चार पूर्णांक सहा.
बोरस्त्यांच्या बागेत मण्यांना गारठा लागू नये म्हणून
छाटणीच्या काड्या पेटवल्या होत्या.
धूर सरळ उठला, दोन पुरुष उंच,
आणि तिथं
कुणी हात ठेवल्यासारखा दबला,
वेलींवर सतरंजीसारखा पसरत गेला,
पार कादवेपर्यंत.

'वर ऊब आहे,' भाऊ म्हणाले,
'म्हणून चढत नाही. हेच ना तुझं?'
हेच.
'मला ठाऊक होतं. माझी शिडी तेवढी लहान होती.'

मग बराच वेळ आम्ही धुराकडे बघत बसलो.
उन्हं आली. जमीन तापली.
नऊच्या सुमाराला सतरंजी मधोमध विरली
आणि धूर भसकन वर गेला.

'तिकडं होतं का असं?'
'नाही. तिकडं नऊ वाजत नाहीत.'
'मग ती धूळ? तशीच?'
'उतरते. ध्रुवाकडे सरकत सरकत.
दोनेक वर्षं लागतात.'

त्यांनी वहीत चार पूर्णांक सहा लिहिलं,
निवृत्तीनंतरची वही, कुणी मागत नाही ती.
टोपण लावलं.

'दोन म्हणजे
काहीच नाही,' म्हणाले.